क्रेट गेले कुठे? चाकणच्या एका कारखान्यात आरएफआयडी: कधी, कशावर आणि कशावर नाही

"सर, बाबांनी बजेट मंजूर केलंय. कधी सुरू करायचं तेवढं सांगा."

मालकांच्या मुलीने पहिल्याच भेटीत हे सांगितलं आणि आरएफआयडीचं, म्हणजे वस्तूवर लावलेला टॅग रेडिओ लहरींनी लांबून वाचणाऱ्या यंत्रणेचं, तेवीस लाखांचं दरपत्रक माझ्यापुढे सरकवलं. कारखान्यात सगळे तिला ताई म्हणतात, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असलेले स्टोअरचे काकासुद्धा. कारखाना चाकण-तळेगाव रस्त्यावर आहे. गाड्यांसाठी पत्र्याचे ब्रॅकेट दाबून, मशीनिंग करून, झिंक प्लेटिंग करून देतात. प्लेटिंग भोसरीच्या एका जॉबवर्कवाल्याकडे होतं. मोठे ग्राहक दोन, एक तळेगावला आणि एक रांजणगावला. नाव सांगत नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत, पण हिशेब खरा राहील एवढी काळजी घेतली आहे.

दुखणं क्रेटचं होतं. माल ६०० बाय ४०० मिलिमीटरच्या निळ्या प्लास्टिक क्रेटमधून जातो आणि रिकामे क्रेट परत यायचे असतात. ते पुरेसे येत नव्हते. ऐन डिस्पॅचला क्रेट कमी पडले की माल पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायचा. ग्राहकाच्या लाइनवर खोकी चालत नाहीत, म्हणून तिथे माल परत क्रेटमध्ये काढायची मजुरी डेबिट नोटने, म्हणजे आपल्या बिलातून वजा होऊन, आपल्या माथी. खोकी, मजुरी आणि डेबिट नोटा धरून महिन्याला पस्तीस हजार जात होते. शिवाय दर वर्षी साडेपाचशे रुपयांचा एक असे नऊशे नवे क्रेट घ्यायचे. लोखंडी ट्रॉल्या १४०, एकेक सोळा हजारांची. गेल्या वर्षात त्यांतल्या नऊ दिसेनाशा झाल्या होत्या. सोळा हजारांची, चाकांवरची, माणसाएवढी उंच ट्रॉली हरवते कशी, हा प्रश्न मालक प्रत्येक मीटिंगला विचारत आणि प्रत्येक मीटिंगला सगळे पंख्याकडे बघत.

दरपत्रकात सगळ्यावर टॅग होते. क्रेटवर, ट्रॉलीवर आणि एकदाच वापरून फेकायच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरही. चार दारांवर रीडर आणि मोबाइलवर रंगीत आलेख. मी ताईंना एकच विचारलं, "आत्ता या क्षणी आपले क्रेट किती आहेत?"

"पाच हजार दोनशे."

"हे मोजून की रजिस्टरवरून?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मोजणार कधी? गुरुवार सोडून मोकळा दिवस नाही."

मग गुरुवारीच मोजायचं ठरलं.

एक गुरुवार

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गुरुवारची सुट्टी किती कामाची असते हे बाहेरच्याला कळत नाही. प्रेस बंद, फोर्कलिफ्ट बंद, आवाज नाही. आठ माणसं, खडूचे डबे आणि कागद. मोजलेल्या थप्पीवर खडूने फुली. कारखान्यात निघाले २,३५०. दोन्ही ग्राहकांकडे आमची माणसं जाऊन मोजून आली, ते १,२५०. इथवर हिशेब सगळ्यांच्या मनातल्या भीतीशी जुळत होता, कारण पाच हजार दोनशेतून हे वजा केले तर १,६०० क्रेट गायब. मालकांचा संशय ग्राहकाच्या गेटवरच्या माणसांवर होता आणि तो ते मोकळेपणाने बोलूनही दाखवत.

दुपारी एक टेम्पो भोसरीला पाठवला. प्लेटिंगवाल्याकडे आमचे ६१० क्रेट निघाले. काहींत त्याचे स्वतःचे हूक आणि जिगं भरलेली होती, दोहोंत मोगरा लावलेला होता. कुरुळीला भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये नाकारलेल्या मालाखाली आणखी २८० होते. दोन्ही मिळून ८९०. म्हणजे जवळजवळ एका वर्षाची क्रेट-खरेदी आपल्याच लोकांकडे पडून होती. खरे हरवलेले उरले ७१०, तेही चार वर्षांत मिळून.

या मोजणीचा खर्च म्हणजे आठ माणसांचा सुट्टीतला पगार, जेवण आणि टेम्पोचं डिझेल. ताई थोड्या खट्टू झाल्या. "मग आरएफआयडीची गरजच नाही म्हणायची."

गरज होती. मोजलं ते एका गुरुवारचं चित्र होतं, सोमवारपर्यंत ते शिळं झालं असतं. पण तेवीस लाख ज्या रोगासाठी खर्च होणार होते, त्याची जागा आता कळली होती. टॅग आधी लावून हेच कळायला सहा महिने लागले असते, आणि तेव्हा सगळ्यांनी श्रेय टॅगला दिलं असतं.

कोण वाचणार?

आरएफआयडी आपल्याकडे नवी नाही. चारचाकीच्या काचेवर फास्टॅग आहे, तो हेच तंत्र आहे. त्यात बॅटरी नाही. टोलनाक्यावरच्या रीडरची लहर त्याच्यावर पडते, तीच लहर चिपला जागं करते आणि आपला नंबर मिसळून तो ती परत पाठवतो. मेट्रोचं कार्डही याच घराण्यातलं, पण ते १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि चार बोटांच्या अंतरातच वाचलं जातं. फास्टॅग आणि गोदामातले टॅग आपल्याकडे ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, काही मीटरवरून. हा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला. रीडरला मात्र दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता लागते. दुसऱ्या एका विक्रेत्याने निम्म्या किमतीचा रीडर दाखवला होता. तो अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ पट्ट्यावर लावलेला निघाला. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल हँडसेट टॉवरशी बोलतात. स्वस्त रीडर घेऊन शेजारच्यांचे फोन बिघडवण्यात अर्थ नव्हता, कायद्याचा भाग तर वेगळाच.

फास्टॅगचं उदाहरण ताई सारख्या देत. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून तो सक्तीचा झाला आणि सगळ्या गाड्यांवर आला, मग आपल्याकडे का नाही? फरक असा की तिथे टॅग लावणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकाच नियमाने बांधलेलं आहे. खालापूरला वाचतो तोच टॅग तळेगावलाही वाचतो. आपल्या खोक्यावरचा टॅग ग्राहकाच्या दारात वाचायला तिथे रीडर हवा, त्यांच्या संगणकात जागा हवी आणि त्यांना त्याची गरज वाटायला हवी. यातलं काहीही आपल्या हातात नाही.

याचा जुना धडा आहे. जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या सर्वांत मोठ्या शंभर पुरवठादारांना सांगितलं की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर (माल रचून फोर्कलिफ्टने उचलायच्या पाटावर) टॅग हवेत. अनेकांनी काय केलं, तर माल गोदामातून निघताना शेवटच्या क्षणी टॅग चिकटवले आणि गाडी सोडली. स्वतःच्या गोदामात तो टॅग कोणी वाचलाच नाही. खर्च पुरवठादाराचा आणि फायदा, झालाच तर, दुकानदाराचा. चाकण-भोसरीच्या लहान कारखान्यावर अशी सक्ती उद्या आली तर तोही हेच करेल आणि त्याला दोष देता येणार नाही.

म्हणून आमचा नियम ठरला तो साधा होता. जी वस्तू फिरून आपल्याच दारात येते, तिच्यावर टॅग. जी जाते आणि परत येत नाही, तिच्यावर नाही. क्रेट आणि ट्रॉली परत येतात. एक टॅग शेकडो फेऱ्या करतो आणि बाहेर जाताना व आत येताना, दोन्ही वेळा आपलाच रीडर पुरतो. ग्राहकाची परवानगीही लागत नाही. खोक्यांचे टॅग दरपत्रकातून गेले. त्याचा विचार ग्राहकाने लेखी मागणी केली की करायचा, आणि तेव्हा खर्चाची वाटणी आधी बोलायची.

बारकोड का नको, हा काकांचा प्रश्न रास्त होता. पॅलेटवर एका थरात चार, असे सहा थर, म्हणजे २४ क्रेट. दिवसाला आत-बाहेर मिळून चाळीस पॅलेट. ९६० क्रेट एकेक करून, तेलकट हातमोजे घालून स्कॅन करायचे, आणि आतल्या बाजूचा कोड दिसतच नाही. चार दिवस होतं, पाचव्या दिवशी एकच क्रेट चोवीस वेळा स्कॅन होतो. हे मी स्वतः स्टोअरमध्ये असताना केलेलं आहे, त्यामुळे छातीठोकपणे सांगतो. भोसरीच्या प्लेटिंगवाल्याकडे मात्र आम्ही क्यूआर कोडच ठेवला. तिथे दिवसाला दोन टेम्पो जातात. चलनावरचा, म्हणजे मालासोबतच्या पावतीवरचा, एक कोड मोबाइलने टिपला की काम भागतं.

ट्रॉली आधी

पहिला टप्पा ट्रॉल्यांचा. १४० टॅग, एक दार, एक हातातला रीडर आणि सहा महिन्यांचं सॉफ्टवेअर. खर्च साधारण सव्वाचार लाख. हिशेबाने पाहिलं तर नऊ ट्रॉल्यांचे वर्षाला १ लाख ४४ हजार वाचणार, म्हणजे वसुलीला तीन वर्षं. नुसत्या या आकड्यावर मी कोणालाही हो म्हणायला सांगितलं नसतं. पण दार, केबल, रीडर हे पुढे क्रेटलाही लागणार होतंच आणि चुका १४० वस्तूंवर करणं साडेचार हजारांवर करण्यापेक्षा स्वस्त. मालकांना मी तसंच सांगितलं की यातले निम्मे पैसे शिकवणीची फी आहे. त्यांना ते पटलं. तेवीस लाखांच्या वेळी जे पटवून दिलं गेलं होतं त्यापेक्षा जास्त पटलं असावं.

साधा टॅग लोखंडावर चिकटवला की मेल्यासारखा होतो. धातू लहर परत फेकतो आणि टॅगच्या अँटेनाला सूर लागत नाही. त्यासाठी मागे जाड थर असलेले, धातूवर चालणारे टॅग येतात. २२० रुपयांना एक. ते ट्रॉलीच्या आडव्या पट्टीवर रिव्हेटने बसवले. वाचन पहिल्या दिवसापासून चांगलं आलं. फारच चांगलं, कारण दाराजवळ तीन मीटरवर उभ्या असलेल्या रिकाम्या ट्रॉल्याही "बाहेर गेल्या" अशी नोंद होऊ लागली. एका सकाळी संगणकानुसार कारखान्यात एकही ट्रॉली नव्हती आणि आम्ही त्यांच्या गर्दीतून वाट काढत होतो.

रीडरची ताकद कमी केली, अँटेना आतल्या बाजूने खाली झुकवले, जमिनीवर पिवळी रेघ मारून तिच्या अलीकडे काही उभं करायचं नाही असं ठरवलं. एवढ्याने पुरेना. शेवटी वाचन चलनाला बांधलं. गेटवरच्या वॉचमनकाकांनी चलनाचा नंबर टाकला की रीडर चालू, गाडी गेली की बंद. सॉफ्टवेअरवाल्यांना हे फारसं रुचलं नाही, त्यांचं म्हणणं प्रणाली माणसाशिवाय चालली पाहिजे. पण माणूस गेटवर बसलेलाच होता आणि त्याला बटण दाबायला हरकत नव्हती.

खंडेनवमीला रीडरचीही पूजा झाली. हळद-कुंकू, नारळ आणि अँटेनावर पाणी शिंपडलेल्या झेंडूची जाड माळ. दसऱ्यानंतर कामाला सुरुवात झाली तर डाव्या बाजूचं वाचन पडलेलं. पाणी ही लहर शोषून घेतं, आणि ओला झेंडू म्हणजे पाण्याचीच उशी. माळ काढली, वाचन आलं. आता पूजेची माळ खांबाच्या वरच्या टोकाला बांधायची असं ठरलं आहे.

क्रेटची भूमिती

क्रेट हा खरा अभ्यासाचा भाग. रिकाम्या क्रेटची थप्पी रीडरपुढून नेली तर सगळे टॅग वाचले गेले आणि विक्रेत्याचा माणूस हसत निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याच क्रेटमध्ये ब्रॅकेट भरले. चोवीसपैकी बारा वाचले. पुन्हा नेले, तेरा.

टॅग कार्ड-होल्डरच्या (मालाचं कार्ड खोचायच्या खाचेच्या) खाली, क्रेटच्या अरुंद बाजूला लावले होते. कारण ती बाजू नेहमी बाहेर ठेवायची शिस्त आधीपासून होती. ऐकायला बिनतोड. पण पॅलेट १२०० बाय ८००. त्यावर ६०० बाय ४०० चे चार क्रेट बसतात आणि प्रत्येकाची एक अरुंद आणि एक लांब बाजू बाहेर येते. फोर्कलिफ्टचे काटे पॅलेटच्या ८०० च्या बाजूने घुसतात. म्हणजे पॅलेट दारातून जाताना क्रेटच्या अरुंद बाजू पुढे आणि मागे असतात. मागच्या बाजू फोर्कलिफ्टच्या मास्टला, म्हणजे काटे वर-खाली नेणाऱ्या उभ्या लोखंडी सांगाड्याला टेकलेल्या. चोवीसपैकी बारा टॅग मास्टच्या आड जात होते. अँटेना मात्र दाराच्या डाव्या-उजव्या खांबावर. हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले, आणि ते लक्षात आलं रात्री घरी मुलाच्या काडेपेट्या मांडून बसलो तेव्हा.

मग टॅग लांब बाजूला हवा. पण कोणत्या? कार्ड बाहेर ठेवायचं म्हटलं की डावीकडच्या क्रेटची डावी लांब बाजू बाहेर येते आणि उजवीकडच्याची उजवी. एकच टॅग असला तर निम्म्या क्रेटचा टॅग दोन लोखंडाने भरलेल्या क्रेटच्या फटीत जाणार. उपाय एकच, दोन्ही लांब बाजूंना एकेक टॅग. मग क्रेट कसाही फिरवा, एक टॅग अँटेनाकडे बघतोच. खर्च दुप्पट: ४,४९० क्रेट, ८,९८० टॅग, ४५ रुपयांनी चार लाख चार हजार. ताईंनी कपाळाला हात लावला. मी म्हटलं, शिस्तीवर भिस्त ठेवून हे वाचवता येईल का पाहू. एक आठवडा रात्रपाळीत नुसतं निरीक्षण केलं. दहांतला एक क्रेट उलटा. दोन टॅगच घेतले.

चिकटवायचे कसे, ही आणखी एक अडचण. क्रेट पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि त्यावर साधा गोंद धरत नाही. शिवाय ते गरम पाण्याने धुतले जातात. बंद कवचाचे टॅग प्लास्टिकच्या रिव्हेटने बसवले. चाचणी मुद्दाम जुलैपर्यंत लांबवली. आपल्याकडे उघड्या यार्डातले क्रेट चार महिने ओले असतात, मार्चमधलं वाचन जुलैला उपयोगाचं नाही.

दुसऱ्या टप्प्याला हो म्हणण्याआधी अटी लिहून ठेवल्या होत्या आणि मालकांची त्यावर सही घेतली होती: सलग दोन आठवडे, ओल्या दिवसांसह, भरलेल्या पॅलेटवरच्या हजार क्रेटपैकी किमान ९९५ वाचले गेले पाहिजेत, चलन आणि वाचन यांतला फरक त्याच पाळीत मिटला पाहिजे, आणि प्लेटिंगवाल्याने त्याच्याकडे राहिलेल्या क्रेटचं दिवसभाडं मान्य केलं पाहिजे. तिसरी अट सगळ्यांत उशिरा पूर्ण झाली. तिच्यासाठी तंत्रज्ञान लागलं नाही, तीन वेळा भोसरीला जाऊन जेवावं लागलं.

एका गोष्टीत मात्र आम्ही घाई केली. टॅगमध्ये कोणता नंबर भरायचा हे पहिल्याच दिवशी ठरवलं. सॉफ्टवेअरवाले म्हणत होते, काहीही अनुक्रम टाका. आम्ही जीएस-वनची परत येणाऱ्या वस्तूंसाठीची जागतिक ओळख घेतली. तिला जीआरएआय म्हणतात आणि बिस्किटाच्या पुड्यावरचा ८९० ने सुरू होणारा बारकोड देणारी संस्थाही जीएस-वनच. तेव्हा या ओळखीचा उपयोग शून्य होता. पण नंतर नऊ हजार टॅग बदलणं परवडलं नसतं.

बाहेर किती दिवस

क्रेट सुरू होऊन चार महिने झाल्यावर ताईंच्या भिंतीवर एकच आकडा लावला होता, कोणता क्रेट किती दिवस बाहेर आहे. आलेख काढून टाकले. रांजणगावचे क्रेट सरासरी सहा दिवसांत परत येत. तळेगावच्या ग्राहकाकडे एका विशिष्ट ब्रॅकेटचे क्रेट १९ दिवस थांबत. चोरी वगैरे काही नव्हतं. त्या ब्रॅकेटची मागणी कमी झाली होती, आमचा माल ठरल्याप्रमाणे जात होता आणि ते आमच्या क्रेटमध्येच तो साठवून ठेवत होते. म्हणजे त्यांच्या रॅकचं भाडं आम्ही क्रेटच्या रूपाने भरत होतो. तारखांची यादी घेऊन काका स्वतः गेले. भांडण झालं नाही. त्या ब्रॅकेटची पाठवणी आठवड्यातून तीनदाऐवजी एकदा झाली आणि क्रेट सुटले. पुठ्ठ्याची खोकी त्या महिन्यात दोनदाच वापरावी लागली.

दुसऱ्या दारावर रीडर अजून बसवलेला नाही. तिथून दिवसाला तीन पॅलेट जातात, ते पहिल्या दाराने फिरवून नेले तर चार मिनिटं जास्त लागतात. चार मिनिटांसाठी १ लाख ६० हजार नकोत, हे काकांचं म्हणणं आणि मी त्यांच्या बाजूचा.

गेल्या महिन्यात तळेगावहून फोन आला. त्यांनी त्यांच्या स्वतःच्या कामासाठी एका गेटवर रीडर बसवला आहे आणि त्यात रोज अनोळखी नंबर येतात. शोधत शोधत ते आमच्या क्रेटपर्यंत पोहोचले. नंबर जागतिक पद्धतीचे असल्याने कंपनी सापडली. आता ते म्हणतात, तुमचे क्रेट आमच्याकडे कधी आले आणि कधी गेले ती नोंद आम्ही देऊ, बदल्यात प्रत्येक क्रेटमध्ये कोणता माल किती, हे आम्हाला गाडी पोहोचण्याआधी कळवा.

ताईंना लगेच हो म्हणायचं आहे. काका विचारतात, "आपल्याकडे क्रेटमध्ये माल भरताना नग मोजतो कोण? वजनावर भरतो ना आपण?"

पुढच्या गुरुवारी वजनकाट्यावर बसायचं ठरलं आहे.